शाडू विरते, प्लास्टर का विरत नाही?

१. एकाच बादलीतला प्रश्न

गणेशोत्सव जवळ आला की महाराष्ट्रात एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली तर थोड्याच वेळात तिचा चिखल होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र महिनोनमहिने पाण्यात पडून राहते. रंग जातो, पण सोंड आणि मुकुट ओळखू येतात. असे का व्हावे? दोन्हींची सुरुवात तर सारखीच. कोरडी भुकटी घेतली, पाणी घालून कालवली, साच्यात दाबली किंवा ओतली, घट्ट झाल्यावर रंगवली. पाणी घालून घडवलेली वस्तू पाण्यात पुन्हा मोकळी व्हावी, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. शाडू ती पुरी करते, प्लास्टर करत नाही.

थोडक्यात उत्तर असे, की शाडू वाळून घट्ट होते आणि प्लास्टर वाळून घट्ट होतच नाही. शाडूतले पाणी मातीच्या कणांमध्ये पाहुण्यासारखे येते आणि उडून जाते. माती होती तशीच राहते. प्लास्टरमध्ये घातलेल्या पाण्यातला काही भाग आतच राहतो आणि प्लास्टरशी जोडला जाऊन वेगळाच पदार्थ तयार करतो. पहिला बदल भौतिक, दुसरा रासायनिक. कारखान्यात मूर्ती ओतणाऱ्याला हा फरक हाताला कळतो. कालवलेले प्लास्टर काही मिनिटांत कोमट होते आणि ओलसर असतानाच दगडासारखे टणक होते. ते वाळते नंतर. शाडू गरम होत नाही, आणि ओली असेपर्यंत टणकही होत नाही. पण नुसती नावे सांगून प्रश्न सुटत नाही. कोणत्या बदलाला भौतिक म्हणायचे आणि कोणत्याला रासायनिक, हे ठरवायचे कशावरून? यावर जे उत्तर बहुतेकांना पाठ असते, ते प्लास्टरच्या बाबतीत सपशेल चुकते. तिथूनच सुरुवात करू.

२. ‘उलटा फिरतो तो भौतिक’ ही कसोटी

बर्फाचे पाणी होते आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणून तो बदल भौतिक. दुधाचे दही होते, पण दह्याचे दूध होत नाही, म्हणून तो रासायनिक. ही दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत आणि त्यांची वर्गवारीही बरोबर आहे. चुकीचा आहे तो मधला ‘म्हणून’. उलटा फिरणे, न फिरणे हा या दोन बदलांमधला खरा फरक नव्हे, आणि हे दोन्ही बाजूंनी दाखवता येते.

आधी न फिरणारे भौतिक बदल पाहा. गहू दळले की पीठ होते. पिठातून पुन्हा गव्हाचा दाणा कोणी बनवू शकत नाही, तरी दळताना पिष्ट, प्रथिने आणि कोंडा यांपैकी काहीही दुसऱ्या पदार्थात बदललेले नसते. दाणा फक्त बारीक झालेला असतो. फुटलेली काच, किसलेले खोबरे, खोलीभर पसरलेला अत्तराचा वास यांचेही तसेच. आता फिरणारे रासायनिक बदल पाहा. इन्व्हर्टरची शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आणि चार्ज होताना त्याच सल्फेटचे पुन्हा शिसे आणि शिशाचे ऑक्साइड होते. हा अस्सल रासायनिक बदल शेकडो वेळा पुढे-मागे होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आन्त्वान लाव्हाझिए याने पारा हवेत बारा दिवस तापवला, तेव्हा त्यावर लाल कण जमले आणि बंदिस्त हवेचा काही भाग कमी झाला. तेच लाल कण आणखी जास्त तापवले तर पारा परत मिळाला आणि नाहीसा झालेला वायूही. तो वायू म्हणजे ऑक्सिजन. इथे तर नुसती आच वाढवूनच बदल उलटा फिरला.

याहून बोलका पुरावा इजिप्तच्या वाळवंटात सापडला. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर क्लोद बेर्तोले हा रसायनशास्त्रज्ञ तिकडे गेला होता. तिथल्या नत्रून खोऱ्यातल्या सरोवरांच्या काठी त्याला धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेतला अनुभव असा, की सोड्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण ओतले तर खडूसारखा चुनखडीचा साका खाली बसतो आणि पाण्यात मीठ उरते. इथे नेमके उलटे चालले होते: खारे पाणी चुनखडीवर पसरत होते आणि त्यातून सोडा तयार होत होता. बेर्तोलेने निष्कर्ष काढला, की बदल कोणत्या दिशेने जाईल हे पदार्थांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. मीठ अफाट असेल आणि तयार झालेला सोडा कोरड्या उन्हात काठावर सुटून वेगळा होत राहील, तर एरवी एका दिशेने जाणारा बदल दुसरीकडेही चालू शकतो. आजच्या रसायनशास्त्राला हे इतके मान्य आहे, की उलटी दिशा तत्त्वतः जवळजवळ प्रत्येक रासायनिक बदलाला असते असेच ते धरून चालते.

यावर कोणी म्हणेल, कसोटी थोडी दुरुस्त करू. ‘सहज’ उलटा फिरतो तो भौतिक म्हणू. पण सहज कोणासाठी? १८३०च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेतल्या बोस्टनहून, जहाजाने. त्या काळच्या मुंबईकराला पाण्याचा बर्फ करणे शक्यच नव्हते. म्हणून त्याच्यासमोर वितळणारा बर्फ रासायनिक बदल करत होता असे म्हणायचे का? बदलाचा प्रकार आपल्या हाताशी असलेल्या यंत्रांवरून ठरू लागला, तर तो पदार्थाचा गुण राहत नाही. प्लास्टरचे घ्या. जिप्सम नावाचे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले की प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते, आणि त्यात पाणी घातले की पुन्हा जिप्सम. यापेक्षा सहज काय असणार? तरीही पाण्यात टिकणाऱ्या त्या मूर्तीचे कोडे या कसोटीने सुटत नाही.

३. पदार्थ तोच राहिला का?

मग योग्य प्रश्न कोणता? बदल संपल्यावर समोर असलेला पदार्थ तोच आहे का, हा. आणि ‘तोच’ म्हणजे काय हे समजायला थोडे आत उतरावे लागते. सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात. अणूंचे प्रकार शंभराच्या थोडे वर आहेत. सोने, लोखंड, ऑक्सिजन, कार्बन हे त्यांपैकी काही. बहुतेक पदार्थांत हे अणू सुटे नसतात, ठरावीक संख्येने एकमेकांना घट्ट धरून असतात. अशा एका जुळणीला रेणू म्हणतात. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. एक कमी झाला किंवा एक वाढला, तर ते पाणी नव्हे.

जत्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. माणसे आपापल्या कुटुंबाचे हात धरून चालली आहेत. देवळाच्या रांगेत ही कुटुंबे एकमेकांना खेटून, जागच्या जागी उभी असतात; बाजारात ती एकमेकांच्या बाजूने सरकतात; जत्रा पांगली की दूर दूर जातात. गर्दीचे रूप तीनदा बदलले, पण हातात हात तेच राहिले. बर्फ, पाणी आणि वाफ यांत एवढाच फरक आहे. शेजारच्या रेणूंशी असलेली जवळीक बदलते, रेणूच्या आतली पकड नाही. या उलट, हात सुटून नवीन हात धरले गेले, जुनी कुटुंबे मोडून नवी झाली, तर तो रासायनिक बदल. माणसे तेवढीच आणि तीच असतात, हे विसरायला नको. रासायनिक बदलात अणू नष्ट होत नाहीत आणि नवे जन्मालाही येत नाहीत.

पण अणू-रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि अठराव्या शतकात तर त्यांची नीट कल्पनाही नव्हती. तरी त्या काळच्या लोकांनी हा फरक पकडला. त्यांच्या हातात दोनच साधी साधने होती, तराजू आणि तापमापक.

४. तराजूची साक्ष

एडिंबरा विद्यापीठातून १७५४ मध्ये वैद्यकीची पदवी घेणाऱ्या जोसेफ ब्लॅक या तरुणाचा विषय औषधाचा होता. मूत्राशयातला खडा चुन्याच्या निवळीने विरघळतो, असा त्या वेळी बोलबाला होता, आणि त्यातून ब्लॅक चुन्याच्या स्वभावाकडे वळला. चुनखडी अगदी निरुपद्रवी; ती भट्टीत भाजली की मिळणारी चुनकळी मात्र कातडी जाळते. हा दाहकपणा येतो कुठून? सर्वमान्य समजूत अशी, की चुनखडी भट्टीतल्या आगीतून काहीतरी शोषून घेते. ब्लॅकने वाद घालण्याऐवजी वजन केले. शोषून घेणे दूरच, चुनखडी भाजल्यावर जवळपास निम्म्याने हलकी होत होती. काही आत शिरत नव्हते, बाहेर जात होते. आणि जे जात होते तो एक वायू होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १७५६ मध्ये ब्लॅकने हे सारे विस्ताराने प्रसिद्ध केले.

आजचे आकडे घालून हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की ५६ ग्रॅम चुनकळी उरते आणि ४४ ग्रॅम वायू निघून जातो. त्या ५६ ग्रॅम चुनकळीवर पाणी घातले की ती वाफा टाकत फुटते, १८ ग्रॅम पाणी स्वतःत घेते आणि ७४ ग्रॅम भिजवलेला चुना होतो. हा चुना भिंतीला लावला की तो हवेतून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो, आणि पुन्हा १०० ग्रॅम चुनखडी तयार. तीन रासायनिक बदल ओळीने झाले आणि आपण जिथून निघालो तिथेच आलो. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याचा दगडी घाणा आजही पाहायला मिळतो. त्या घाण्यात चुना आणि वाळू यांचे दळणे व एकजीव होणे हे भौतिक काम. त्याआधी भट्टीत आणि त्यानंतर भिंतीत जे घडते ते रासायनिक.

इथे एक आक्षेप घ्यायला जागा आहे. वजन तर शाडू वाळतानाही कमी होते. मग वजनावरून काय सिद्ध होते? नुसत्या घटीवरून काहीच नाही. पाहायचे ते प्रमाण. शाडूत पाव लिटर पाणी घाला की अर्धा लिटर, वाळताना सगळे जाते आणि उरते ती तेवढीच माती. प्लास्टरचे तसे नाही. १४५ ग्रॅम शुद्ध प्लास्टर २७ ग्रॅम पाणी धरून ठेवते, ना कमी ना जास्त. मिश्रण नीट ओतता यावे म्हणून पाणी याच्या कितीतरी पट घालावे लागते. ते जादाचे पाणी नंतर उडून जाते, म्हणजे एकाच साच्यात रासायनिक आणि भौतिक असे दोन्ही बदल चालू असतात. पण ते २७ ग्रॅम उन्हात ठेवूनही सुटत नाहीत. त्यासाठी पुन्हा भट्टी लागते. लाव्हाझिएने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे १७६५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वाचलेला पहिला निबंध याच विषयावर होता: जिप्सम भाजले की त्यातले पाणी जाते, आणि प्लास्टर घट्ट होते ते तेच पाणी परत घेऊन. पुढे शतकाच्या अखेरीस झोझेफ प्रूस्त याने दाखवले, की खाणीतले तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेले कार्बोनेट यांत घटकांचे प्रमाण नेमके एकच असते. मिश्रणात प्रमाण माणूस ठरवतो. संयुगात ते पदार्थ ठरवतात. माझ्या मते, घरबसल्या वापरता येईल अशी यापेक्षा भरवशाची कसोटी नाही.

आता प्लास्टरची मूर्ती पाण्यात का टिकते ते सरळ दिसते. पाण्यात बुडते तेव्हा ती प्लास्टर राहिलेलीच नसते. ती जिप्समची असते, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. पुन्हा पाणी घालून आणखी काही होणार नाही, कारण पाण्याचा वाटा तिने आधीच घेतलेला आहे. रासायनिक बदलाने तयार झालेली ही वस्तू मोडायची तर दुसरा रासायनिक बदलच लागणार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धत याच विचारावर उभी आहे. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवायची. बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. तळाशी खडूची भुकटी बसते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून चालते. हिशेबाने १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम बायकार्बोनेट लागते, म्हणजे जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतके. चिमूटभर टाकून काम का होत नाही, याचे उत्तर या प्रमाणातच आहे.

५. उष्णता किती लागली?

हाच ब्लॅक पुढे ग्लासगोत असताना दुसऱ्या प्रश्नामागे लागला. बर्फ शून्य अंशाला आला की भराभर वितळून का जात नाही? त्याने दोन सारखी काचपात्रे एकाच खोलीत टांगली, एकात बर्फाइतके थंड पाणी आणि दुसऱ्यात बर्फ. पाणी अर्ध्या तासात सुमारे ४ अंश सेल्सिअसने तापले. बर्फाला वितळून तेवढ्याच तापमानाला पोहोचायला साडेदहा तास लागले. खोलीची उष्णता दोघांनाही सारखीच मिळत होती. मग बर्फाने जवळजवळ दहा तासांची उष्णता खाल्ली आणि तापमापकावर दाखवली नाही ती गेली कुठे? ती बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली. या लपलेल्या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

आता एक ग्रॅम बर्फाचा प्रवास पाहू. तो वितळायला ३३४ ज्यूल लागतात. ते पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१८. त्याची वाफ करायला सुमारे २,२५७. आणि त्याच एक ग्रॅम पाण्याचे रेणू तोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करायचे झाले, जसे विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी १८०० मध्ये विजेने केले, तर लागतात सुमारे १५,९०० ज्यूल. वाफ करण्याच्या सातपट. शेजाऱ्यापासून दूर जाणे स्वस्त असते, रेणूच्या आतली पकड सोडवणे महाग. भांड्यातल्या उकळत्या पाण्यात दिसणारे बुडबुडे हायड्रोजन-ऑक्सिजनचे असतात असा समज आढळतो. तो का खरा असू शकत नाही हे या आकड्यांवरून कळते. गॅसच्या शेगडीची आच पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवते, पण ते रेणू फोडणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग उष्णतेच्या आकड्यावरूनच निवाडा का करू नये? कारण तो आकडा कल दाखवतो, निर्णय देत नाही. एक ग्रॅम प्लास्टर पाणी घेऊन जिप्सम होताना शंभर-सव्वाशे ज्यूल उष्णता बाहेर टाकते. बर्फ वितळण्यापेक्षाही कमी. तरी तो रासायनिक बदल आहे, कारण पदार्थ बदलला आणि ठरलेल्या प्रमाणात बदलला.

६. खुणा फसवतात

रंग बदलणे, वास येणे, वायू निघणे, उष्णता निघणे, साका बसणे, अशा रासायनिक बदलाच्या खुणा पाठ्यपुस्तकात दिलेल्या असतात. त्या संशय घेण्यापुरत्या चांगल्या आहेत, शिक्का मारण्यासाठी नाहीत. तापलेले लोखंड लाल होते आणि निवले की काळे. तिथे रंग बदलला, पदार्थ नाही. डबीतला कापूर दिवसेंदिवस लहान होत नाहीसा होतो आणि आरतीत पेटवलेला कापूरही नाहीसा होतो. परिणाम एकच, पण डबी उघडली की कापराचाच वास येतो, म्हणजे कापराचे रेणू शाबूत हवेत गेले आहेत. ज्योतीत त्याचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी झाली. त्यांना कापराचा गंध नसतो.

७. मिठाचा पेच

इथवर सारे सुरळीत चालले होते. आता जिथे अडचण येते तिथे जाऊ. मीठ पाण्यात विरघळणे हा भौतिक बदल, असे शाळेत शिकवतात. उरण-पेणच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ काढतात, हा त्याचा पुरावा दिला जातो. पण उलटा फिरतो म्हणून भौतिक, ही कसोटी तर आपण आताच बाद केली. मग?

मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरिन यांची एकेकटी जोडपी नसतात. विजेचा भार असलेले अणू, ज्यांना आयन म्हणतात, चारी बाजूंनी आलटूनपालटून रचलेले असतात. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३च्या सुमारास क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. म्हणजे जत्रेतल्या कुटुंबांचे चित्र इथे लागूच पडत नाही. त्यात भर म्हणजे, पाण्यात हे आयन सुटे होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून बसतात. स्वांटे अऱ्हेनियस याने १८८४ च्या प्रबंधात हे आयनांचे वेगळे होणे मांडले, तेव्हा परीक्षकांना ते पटले नव्हते. १९०३ मध्ये त्याला याच कामासाठी नोबेल मिळाले. पकड सुटली, नवी पकड आली. याला रासायनिक का म्हणू नये?

हा आक्षेप पोकळ नाही, आणि काही रसायनशास्त्रज्ञ तो मान्यही करतात. तरी माझा कौल भौतिकाच्या बाजूने आहे, आणि कारण पुन्हा प्रमाणाचे. १०० ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम मीठ घाला, दहा घाला, थेट ३६ ग्रॅमपर्यंत काहीही घाला; द्रावण होते. ठरावीक प्रमाणाची अट नाही, म्हणजे नवे संयुग नाही. आयन आधी होते, तेच नंतरही आहेत. शेजारी मोरचूद ठेवून पाहा म्हणजे फरक कळेल. मोरचुदाचे निळे खडे तापवले की पांढरी भुकटी होते, थेंबभर पाणी टाकले की पुन्हा निळी. इथे २५० ग्रॅम मोरचुदात पाणी नेमके ९० ग्रॅम असते. दोन्ही बदल सहज उलटे फिरतात; एकात प्रमाण मोकळे आहे, दुसऱ्यात बांधलेले.

हिऱ्याच्या बाबतीत मात्र मी कौल देणार नाही. स्मिथसन टेनंट याने १७९७ मध्ये हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचे दाखवले. पेन्सिलीतले ग्राफाइटही कार्बनच. ग्राफाइटचा हिरा होताना अणूंची सगळी पकड नव्याने बांधली जाते, पण मूलद्रव्य तेच राहते. पदार्थ बदलला म्हणावे तर तराजू काही दाखवत नाही, नाही म्हणावे तर हिऱ्याने काच कापता येते आणि ग्राफाइटने कागदावर रेघ उमटते. सीमेवर अशी ठिकाणे आहेत. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंचे प्रदेश खोटे ठरत नाहीत. तिथे नुसते नाव देऊन न थांबता काय बदलले ते सांगावे लागते, एवढेच.

८. वाळणे आणि घट्ट होणे

हा सगळा काथ्याकूट पुस्तकापुरताच आहे असे वाटत असेल, तर घर बांधताना वापरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी पाहा. मातीची भिंत वाळून घट्ट होते. तिच्यात कुठलाही नवा पदार्थ होत नाही, म्हणून पावसात ती पुन्हा चिखल होते आणि तिला छपराचा आसरा लागतो. कुंभाराचे कच्चे मडकेही असेच. पण ते भट्टीत पाचशे-सहाशे अंशांपलीकडे गेले की मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी कायमचे निघून जाते, आणि मग त्याचा चिखल होत नाही. चुन्याला घट्ट होण्यासाठी हवेतला वायू लागतो. तो जाड भिंतीत बाहेरून आत हळूहळू शिरतो, म्हणून गाभ्यातला चुना पुरता दगड व्हायला वर्षेही लागतात. तोवर त्याला थोडा ओलावाही हवा असतो. पूर्ण कोरड्या चुन्यात हा वायू नीट काम करत नाही.

सिमेंटचे प्रकरण प्लास्टरसारखे आहे, फक्त फार सावकाश. चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंशांना भाजून, त्यात घट्ट होण्याचा वेग आवरण्यासाठी थोडे जिप्सम घालून सिमेंट दळतात. पाणी मिळाले की सिमेंट ते पाणी स्वतःत बांधून घेते आणि नवी संयुगे तयार करते. काँक्रीट वाळते, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण पुलाचे पाये पाण्याखालीही ओतले जातात आणि ते तिथेच घट्ट होतात, तिथे वाळायला वाव कुठे असतो? वाळणे हा इथे उपाय नाही, अपाय आहे. पाणी अकाली उडाले तर पुढचा रासायनिक बदल तिथेच थांबतो, पृष्ठभागाला तडे जातात आणि ताकद कमी राहते. म्हणून नव्या स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवतात, भिंतींवर ओली गोणपाटे टाकतात. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओल द्यावी लागते. मजबुतीची चाचणी २८ व्या दिवशी घेतात, पण तोवर सगळे सिमेंट बदलून गेलेले नसते. आत ओलावा असेल तर काम पुढे महिनोनमहिने चालूच राहते.